हेल्मेट तिच्या काखेत होतं

प्रिय मास्तर,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. हिने स्टेटसला टाकलेल्या फोटोत सगळी टीम ट्रेलरवर गवताच्या गठ्ठ्यांवर बसून हात हलवतेय आणि आमचा पोरगा एकटाच काळा गॉगल लावून खाली मान घालून का बसलाय, हिरो झालाय का, असं तू विचारलंस. हिरो नाही रे. त्याला उजेड सहन होत नव्हता. फोनवर अर्धवट सांगून तुला काळजी लावायची नव्हती म्हणून सविस्तर लिहितोय, आणि तू पोरांना मैदानावर उतरवतोस म्हणूनही लिहितोय.

इथं ओहायोत आमचं गाव लहान, एक सिग्नल, एक हायस्कूल, बाकी चहूकडे मका आणि सोयाबीन. ऑक्टोबरमध्ये सुगी निम्मी उरकली की फॉल फेस्टिव्हल असतो. सर्कलव्हिलचा पम्पकिन शो 1903 पासून चालतो, तिकडं लाखांनी माणसं येतात, आमचा त्याच्यापुढं अगदी घरगुती, म्हणजे आपल्या जत्रेला मुंबईवाले गावी येतात ना तसं शाळेतून शिकून बाहेर पडलेली माणसं त्या आठवड्यात घरी येतात आणि शुक्रवारी रात्री लाइट लावून अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलची, मॅच होते तिला होमकमिंग म्हणतात. शनिवारी चौकात तांब्याच्या मोठ्या कढईत ऍपल बटर शिजतं. नावात बटर आहे पण लोणी नसतं त्यात, सफरचंदाचा गर आणि रस, साखर, दालचिनी, खाली लाकडाचा जाळ आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं तासन् तास ढवळत राहायचं, रंग पार काळपट तपकिरी होईपर्यंत. माझी ढवळायची पाळी पहाटेची होती, आणि तुला सांगतो, वाफ तोंडावर आली आणि तुमच्या गुऱ्हाळातली काहील डोळ्यापुढं उभी राहिली, नुसता वास वेगळा.

त्या बाटल्या विकून जे पैसे येतात ते शाळेच्या खेळाडूंसाठी जातात. इतकी वर्षं मी समजायचो की जर्सी, बॅनर, बसभाडं. यंदा कळलं की त्यातला मोठा भाग ऍथलेटिक ट्रेनरच्या पगाराला जातो. ट्रेनर म्हणजे जिमवाला नव्हे हं. रीतसर शिकलेली, परवाना असलेली व्यक्ती, काम एकच, पोरांना इजा होऊ नये आणि झाली तर पहिली पाच मिनिटं नीट सांभाळायची. आमच्याकडं एक तरुण मुलगी आहे, तिच्या अर्ध्या वेळेचा पगार हॉस्पिटल देतं, उरलेल्याचा गाव भरतं. लहान शाळांना हे परवडत नाही, कित्येक ठिकाणी कोणीच नसतं.

तर झालं असं, फेस्टिव्हलच्या आदल्या शुक्रवारची मॅच. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्याला दोघांनी मिळून पाडलं, हेल्मेटचा मागचा भाग जमिनीवर आपटला. उठला लगेच. मी टाळ्या वाजवल्या. बेशुद्ध नाही, रक्त नाही, काही नाही. पण उठल्यावर दोन पावलं समोरच्या टीमच्या घोळक्याकडं गेला आणि मग वळला. एवढंच. आम्ही चारपाचशे माणसं बघत होतो, कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं. तिनं त्याला बाहेर बोलावलं, विचारलं कितवा क्वार्टर चालू आहे, शेवटचा स्कोअर कोणी केला, मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलात. शेवटच्याला त्यानं गेल्या वर्षीच्या टीमचं नाव सांगितलं. तिनं त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि काखेत धरून उभी राहिली, पूर्ण मॅच. हेल्मेट नाही तर आत जाता येत नाही, साधी गोष्ट.

आणि मास्तर, मी खाली उतरून तिच्याकडं गेलो. तो म्हणतोय ठीक आहे, एकदा घालून बघा ना, असं म्हणालो मी. कोचही घुटमळत होते, मॅच अटीतटीची होती. ती म्हणाली, आज नाही. आवाज चढवला नाही, कारणं दिली नाहीत. ओहायोत 2013 पासून कायदाच आहे, डोक्याला मार लागल्याची लक्षणं दिसली की पोरगं बाहेर, त्या दिवशी परत मैदानात नाही, आणि नंतरही डॉक्टरची लेखी परवानगी लागते. मला हे माहीत होतं, दरवर्षी फॉर्मवर सही करतो की मी, पण सही करणं वेगळं आणि स्वतःचं पोरगं मैदानाकडं बघत उभं असताना ते पाळणं वेगळं.

रात्री त्याला उलटी झाली. इमर्जन्सीत सीटी स्कॅन केला, नॉर्मल. मला वाटलं सुटलो, पुढच्या शुक्रवारी होमकमिंग खेळेल. सोमवारी तिनं मला बसवून समजावलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन दिसत नाही. त्यात कवटीच्या आत मेंदू हिसका खातो, त्याचं कामकाज बिघडतं, आकार तसाच राहतो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, आतला हिसका थांबवत नाही. आणि तो बरा होण्याआधी दुसरा मार बसला तर, क्वचित का होईना, मेंदूला झपाट्यानं सूज येऊन पोरगं जातं किंवा कायमचं अपंग होतं.

तिनं झॅकरी लिस्टेट या मुलाचं सांगितलं. वॉशिंग्टन राज्यातलं मेपल व्हॅली, ऑक्टोबर 2006, वय 13. पहिल्या हाफच्या शेवटी डोकं आपटलं, थोडा वेळ बसला, दुसऱ्या हाफला परत खेळला, मॅच संपल्यावर कोसळला. मेंदूची ऑपरेशनं, कित्येक महिने बोलता येईना. त्याच्या नावानं 2009 ला तिथं कायदा झाला आणि 2014 पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

मी घरी आलो आणि मला तू आठवलास. तालुक्याची कबड्डी, दहावीचं वर्ष. पकडीत तुझं डोकं त्या उंच पोराच्या गुडघ्यावर आपटलं होतं, सरांनी तोंडावर पाणी मारलं, मी तुझ्या पाठीवर थाप मारून जा म्हणालो, तू परत चढाईला गेलास, आपण जिंकलो. तुला दुसरा हाफ आजही आठवत नाही. आपण लग्नकार्यात तो किस्सा हसत सांगतो रे. आता नाही सांगवणार मला.

शुक्रवारी होमकमिंगला तो साध्या कपड्यात बाकावर बसला, दुसऱ्या हाफला लाइटनं डोकं ठणकायला लागलं म्हणून घरी आणला. गाडीत रडला. मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. शनिवारी मिरवणुकीला मात्र टीमच्या पोरांनी ओढून ट्रेलरवर घेतला, तोच तुझा फोटो.

शनिवारी तिचाही एक तंबू होता, कढईच्या शेजारी. छातीपर्यंतच्या बाहुलीवर सीपीआर, म्हणजे हृदय थांबलं की छाती दाबत राहणं, शिकवत होती आणि एईडी, म्हणजे हृदय अचानक थांबलं तर शॉक द्यायची पेटी, ती कशी वापरायची ते. 2 जानेवारी 2023 ला इथंच सिनसिनाटीत डमार हॅम्लिन हा व्यावसायिक फुटबॉलपटू मैदानावर कोसळला होता, जागेवरच सीपीआर आणि शॉक मिळाला म्हणून वाचला, परत खेळलाही. शॉकला उशीर झाला की दर मिनिटाला वाचायची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते, म्हणजे पेटी ऑफिसात कुलपात ठेवून उपयोग नाही. मी पण शिकलो. बाहुली दाबताना घाम फुटतो, जोर लागतो चांगलाच.

तुझ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम विचारून घेतली, उन्हाची. तुझ्याकडं मार्च-एप्रिलमध्ये पोलीस भरतीची पोरं पळतात, आणि पडलं एखादं की आपल्याकडं कांदा नाकाला लावतात आणि जीपमध्ये घालतात. पळता पळता बरळायला लागला, झोकांड्या खाल्ल्या, कोसळला, तर आधी थंड करायचं, मग हॉस्पिटल. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात, डोकं धरून, पाणी ढवळत, आणि तोवर ऍम्ब्युलन्स बोलावून ठेवायची. मॅसॅच्युसेट्समध्ये फाल्मथ म्हणून ऑगस्टमधली शर्यत असते, तिथं 18 वर्षांत उष्माघाताचे 274 जण असेच टबात घातले, एकही दगावला नाही. तुला टब कुठला, पण जनावरांना पाणी पाजायची मोठी प्लास्टिकची टाकी चालेल, ती नसेल तर ताडपत्रीत झोपवून कडा धरून पाणी ओतायचं. बर्फ डेअरीत मिळेल ना? चेअरमनशी तुझी ओळख आहे. टाकीचे पैसे मी पाठवतो, यात मानपान आणू नकोस.

आमचा आता चौथ्या पायरीवर आहे. सहा पायऱ्या असतात, आधी नुसतं चालणं, मग हलकं पळणं, अशी प्रत्येक किमान एक दिवस, डोकं दुखलं की एक पायरी मागं. दोनदा मागं आलाय. शाळेत मात्र पूर्ण वेळ बसतोय, बीजगणित परत डोक्यात शिरतंय म्हणतो. गुरुवारी डॉक्टर आहेत.

ऍपल बटरच्या दोन बाटल्या ठेवल्यात, डिसेंबरात आलो की आणतो. वहिनींना सांग, भाकरीबरोबर खाऊन बघा.

तुझा,
पाठीवर थाप मारणारा