आजीच्या बादल्या आणि तुझी सातवी फाइल

चिऊ,

फोन केला की तू 'आई मी ठीक आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे लिहितेय. कथा परत आली हे मला बाबांनी सांगितलं, त्यांना तुझ्या स्टेटसवरून कळलं, म्हणजे आपल्या घरात बातमी कशी फिरते बघ. आणि काल रात्री तू मला जी फाइल पाठवलीस ना, 'आजी फायनल 7', ती वाचून मला बराच वेळ झोप नाही लागली. वाईट आहे म्हणून नाही गं. छान गुळगुळीत आहे, शुद्धलेखनाची एक चूक नाही, फक्त त्यात आजी कुठे सापडलीच नाही मला.

मे महिन्यात तू जी पहिली पाठवलेलीस त्यात होती. नौपाड्याची दोन मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर आलेली, नळाला चोवीस तास पाणी, तरी झोपायच्या आधी बादल्या भरून, वर ताट झाकून ठेवणारी, आणि सकाळी इंटरकॉमवरून वॉचमनला विचारणारी, पाणी किती वाजता जाणार. मी हसले होते आणि मग पुढच्याच पानावर मला एकदम भरून आलं होतं. आता सातव्या फाइलमध्ये बादल्या गेल्या, वॉचमन गेला, त्यांच्या जागी दोन मोठे परिच्छेद आलेत आणि त्यात आजी 'विस्थापित' वगैरे झालीये. आपल्या आजींना हा शब्द ऐकवला तर म्हणतील, मला काय धरणाखाली घातलंय का.

मला माहितीय हे कसं झालं ते. पहिल्या दिवाळी अंकाने नुसतं 'स्वीकारता येत नाही, क्षमस्व' एवढं कळवलं आणि तू त्याच रात्री सुरुवात बदललीस. दुसऱ्याने 'शेवट पुन्हा पाहावा' लिहिलं आणि तू शेवट सोडून बाकी सगळं बदललंस! नकार आला त्या रात्री आपण कथा दुरुस्त करत नसतो गं, स्वतःला शिक्षा करत असतो.

तू शाळेत जायच्या आधी मी नौपाड्यात एका प्रेसमध्ये डीटीपी करायचे हे तुला माहितीय, पण तिथलं फारसं कधी सांगितलं नाही. जुलैपासून दिवाळी अंकांची कामं सुरू व्हायची, फुलस्केपवर हाताने लिहिलेल्या कथा यायच्या, एका बाजूलाच लिहिलेल्या, डावीकडे समास सोडून, आणि त्या मी श्रीलिपीत टाइप करून पेजमेकरमध्ये पानं लावायचे. तेव्हा बघितलंय, एक चांगली कथा, टाइप झालेली, प्रूफ वाचून झालेली, शेवटच्या आठवड्यात बाहेर. कारण काय, तर एका सराफाची दोन पानी जाहिरात उशिरा आली आणि पानं सोळाच्या पटीत बसवायची होती. लेखकाला पत्र गेलं ते तेच, 'स्वीकारता येत नाही, क्षमस्व'. तो बिचारा घरी बसून सुरुवात बदलत असणार.

आणि एक माझं पाप. एका कथेच्या शेवटच्या तीन ओळी पुढच्या पानावर जात होत्या, त्या पानावर जाहिरात, संपादक फोनवर म्हणाले तीन ओळी कमी कर कुठून तरी, आणि मी सरळ शेवटच्याच तीन उडवल्या. चोवीस वर्षांची होते, अक्कल किती असणार. दिवाळी झाल्यावर लेखक स्वतः जिना चढून आले. आधी भरपूर ओरडले, मालकांनी चहा मागवला, मग त्यांनी तिथेच उभ्याउभ्या अंक उघडून शेवट पुन्हा वाचला, दोनदा वाचला, आणि मला म्हणाले, 'दोन ओळी बरोबर कापल्यास, तिसरी नव्हती कापायची.' कुठली तिसरी ते नाही सांगितलं, चहा संपवला आणि गेले. ओळी मला पाठ होत्या, मी कितीतरी दिवस त्या घोळवत होते की कुठली असेल.

पूर्वी हे सांगणारं कोणीतरी असायचं म्हणे. 'सत्यकथा' मासिकात संपादक राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहायचे, कुठे अडतंय ते कळवायचे, पुन्हा लिहून मागायचे. पण सत्यकथा 1982 मध्ये बंद झालं. आताच्या संपादकाच्या मेलमध्ये आधीच ढीग, त्यात जाहिरातीही त्यानेच गोळा करायच्या, तुला 'शेवट पुन्हा पाहावा' एवढे तीन शब्द लिहिले हेच मला खूप वाटतं. न वाचता कोण लिहील ते? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लेखक मंडळी पोचेची वाट बघत बसलेली असणार, तू काही पहिली नाहीस.

तर आता असं कर. हा आठवडा फाइल उघडूच नकोस. मग पहिली आणि सातवी दोन्ही प्रिंट काढ, फोनवर नको वाचू, आणि मोठ्याने वाच, तुझी रूममेट हसली तर हसू दे. जिथे तुझीच जीभ अडखळेल तिथे पेन्सिलने खूण कर. पहिलीतली सगळी मजा परत आण असं मी म्हणत नाहीये हां, पहिली चार हजार दोनशे शब्दांची होती आणि त्यातला बिल्डरच्या मीटिंगचा भाग मलाही कंटाळवाणा वाटला होता, तो तू काढलास ते उत्तम केलंस. शेवट मात्र खरंच बघ. आजी गॅलरीतून खाडीकडे बघत उभी राहते आणि कथा संपते, असं गॅलरीत उभं राहून संपणाऱ्या कथा मी त्या प्रेसमध्ये इतक्या टाइप केल्यात की विचारू नकोस.

तिसऱ्या अंकाची मुदत 31 जुलै आहे ना, मग वेळ आहे. युनिकोडमध्येच पाठव, नाहीतर तिकडे सगळी जोडाक्षरं फुटतात. आणि चिडून एकदम चार ठिकाणी पाठवू नकोस, दोघांनी घेतली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बाबांचं म्हणणं स्पर्धेला पाठव, बक्षीस मिळेल, त्यांचं ऐकायचं की नाही ते तू ठरव. ते ग्रंथसंग्रहालयातून गेल्या वर्षीचे अंक आणून कोण कशा कथा छापतं त्याची यादी करत बसलेत, काल जेवायलाही उठत नव्हते.

माझंही फार मनावर घेऊ नकोस. मला बादल्या आवडतात कारण त्या रोज सकाळी मीच ओतते, कुंड्यांना, वॉशिंग मशीनमध्ये, आणि मनातल्या मनात बोलतही असते. तुझ्या कथेत त्यांच्यावर हसता आलं मला, घरात येत नाही.

आत्ताच आजींना विचारलं, रात्री किती बादल्या भरता. 'चार, आणि एक कळशी,' म्हणाल्या. तू तीन लिहिल्यायस. तेवढं दुरुस्त कर.

आई