तुझ्या दातांबद्दल

प्रिय दिन्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. दोनदा तुझा फोन आला, दोन्ही वेळा ‘शाळेत आहे, मग बोलतो’ म्हणून ठेवला आणि मग बोललोच नाही. रागावला असशील. राग धर, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर बोलता येणार नाही अशी गोष्ट आहे, आणि गावात कोणाला सांगितली तर कळणार नाही. संज्यालासुद्धा नाही.

तब्येत बरी आहे. शुगर गोळीवर आहे, हिची पाठ आहे तशीच. पऱ्हाटी चांगली आहे, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. झालं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि नेहमीप्रमाणे बालमंत्रिमंडळाची निवडणूक घेतली. चिंचोक्यांनी मतदान. यंदा पाणीमंत्री झाली संज्याच्या धाकट्या भावाची पोरगी, चौथीतली. तेच नाक, तोच आगाऊपणा. आतापर्यंतच्या पाणीमंत्र्यांनी रांजण भरून घेतला की काम संपायचं. ही पहिल्याच बालसभेत उभी राहून म्हणते, “सर, मी पाणीमंत्री हाय, तं मले गावात कोनाच्या घरी कोठून पाणी येते थे माहीत पाह्यजे.”

मग चौथी-पाचवीच्या पोरांनी शाळेच्या अंगणात चुन्याने अख्खं गाव काढलं. मारुतीचं देऊळ, नाला, खालचा पुरा, वरचा पुरा, एकेक घर. ज्या घरी प्यायला विहिरीचं पाणी त्या घरावर सरकी ठेवायची, ज्या घरी बोरिंगचं त्या घरावर तुरीचे दाणे. कोंबड्या तुरीवर टपून बसलेल्या, म्हणून पहिलीतले दोन पोट्टे काठी घेऊन पहाऱ्याला. खालच्या पुऱ्यात सगळी सरकी झाली, वरच्या पुऱ्यात तूर. तुमच्या घरावर तूर ठेवताना पोरांनी मला विचारलं, “इथं एकटी आजीच राह्यते ना?” मी हो म्हटलं.

मी म्हणालो, छान झालं, आता वहीत उतरवून घ्या. पण ती नकाशासमोर उकिडवी बसून राहिली. आणि बसल्या बसल्या बोलली, “सर, तुरीवाल्या घरचे पोट्टे हासले का त्यायचे दात पिवळे दिसते.”

दिन्या, माझ्या हातातला खडू हातातच राहिला.

पुढचे चार दिवस शाळेत दुसरं काही झालं नाही. पोरांनी जोड्या लावल्या आणि एकमेकांचे दात पाहिले. दाराच्या उन्हात उभं राहायचं, ‘आ’ करायचं, दुसऱ्याने पाहायचं, तिसऱ्याने वहीत लिहायचं: नाव, पुरा, पाणी, दात. वरच्या पुऱ्याच्या जवळपास सगळ्या लेकरांच्या दातांवर आडवे पट्टे. कोणाचे खडूसारखे पांढुरके, कोणाचे पिवळे, मोठ्या पोरांचे पार तपकिरी. खालच्या पुऱ्यात फक्त एकाचे. पोरं म्हणाली, सर, हा चुकला, याले खोडून टाकू. मी म्हटलं खोडायचं नाही, का चुकला ते शोधा. संध्याकाळी पाणीमंत्री त्याच्या घरी जाऊन आली. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच दारात उभी. “सर, थो सहा वर्षाचा होयेपरेंत वरच्या पुऱ्यात आजीजवळ राह्यत होता!”

मी बारा पुस्तकं वाचून हे शिकवू शकलो नसतो.

फ्लोराईड म्हणतात त्याला. खडकातून पाण्यात उतरतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, तिकडे चंद्रपुरात, अशी पुष्कळ गावं आहेत. उथळ विहिरीला दर पावसाळ्यात नवं पाणी मिळतं, पण खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. लेकराचे पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, साधारण आठ वर्षांपर्यंत, तेव्हा हे पाणी पोटात गेलं की दातावर डाग येतो आणि तो मंजनाने, कोळशाने, कशानेच जात नाही. मोठेपणी गावात आलेल्या माणसाच्या दातावर काही दिसत नाही, पण बरीच वर्षं तेच पाणी प्यायलं की ते हाडांत शिरतं. गुडघे, कंबर, मान आखडते.

म्हणजे तू कधीच तंबाखू खाल्ली नव्हतीस.

हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली. तुला आठवतं ते मला माहीत आहे, कारण तू त्यावर कधीच बोलला नाहीस. चौथीत शनिवारी नखं नि दात तपासणी असायची. गुरुजींनी तुझं तोंड उघडून पाहिलं आणि विचारलं, कोणती पुडी खातो रे? तू नाही म्हणालास. मग त्यांनी मला विचारलं, मी मॉनिटर होतो ना. आदल्या दिवशीच तू माझा लाल भोवरा फोडला होतास. मी म्हणालो, हो गुरुजी, मी पाहिलं खाताना. मी काहीही पाहिलं नव्हतं. तू चार छड्या खाल्ल्यास आणि दुपारभर झेंड्याच्या ओट्यापाशी उन्हात उभा राहिलास. त्या दिवसापासून तू हसताना तोंडावर हात ठेवायला लागलास. लग्नाच्या फोटोतही तुझे ओठ मिटलेले आहेत. सगळे म्हणाले नवरदेव गंभीर आहे. मला कारण माहीत होतं, आणि मी पंगतीत जिलबी वाढत होतो.

मला माफ कर. भोवरा तूच फोडला होतास, ते मी अजूनही म्हणतो. पण बाकीचं सगळं माझं आहे.

आणि एवढ्यावर संपत नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेचा नळ बंद पडला. तेव्हापासून पोषण आहाराची खिचडी बोरिंगच्याच पाण्यात शिजत होती. मीच सांगितलं होतं ताईंना की जवळ आहे, तिथून आणा. खालच्या पुऱ्यातली पहिलीची लेकरं, ज्यांच्या घरी विहिरीचं चांगलं पाणी, त्यांनाही मी दुपारी हेच दिलं. आता विहिरीवरून आणतो. पण रात्री झोप लागत नाही बघ. त्या पहिलीच्या पोरांच्या मागच्या दाढा अजून तयार होताहेत हे डोक्यातून जात नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, तुम्हाला माहीत नव्हतं ना. नव्हतं, खरं आहे. पण मी त्याच गावचा आहे, तुझ्यासोबत वाढलो, तुझे दात रोज पाहत होतो. नऊ वर्षांच्या पोरीला एका आठवड्यात दिसलं, ते मला दिसलं नाही, कारण मी उत्तर आधीच देऊन बसलो होतो.

सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायांना पाणी तपासायला शिकवलं आहे. आपल्या गावच्या तपासणीच्या पेटीचं सील कोणी फोडलं नव्हतं. पोरांनी त्यातल्या एका ताईंना शाळेत आणलं. दोन बाटल्या, एकीत विहिरीचं पाणी, एकीत बोरिंगचं, दोन्हीत सारखे थेंब. विहिरीचं पाणी गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. बोरिंगचं डोळ्यांदेखत पिवळं पडत गेलं. चाळीस पोट्टे एका टेबलाभोवती, आणि एवढी शांतता मी आपल्या शाळेत कधी ऐकली नाही. मग नमुना प्रयोगशाळेत पाठवला. लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आपलं तीनच्या वर निघालं.

गावात दोन तट पडले. कोणी म्हणतो उकळून पिऊ. उकळल्याने फ्लोराईड जात नाही, पाणी आटतं आणि तेच घट्ट होतं. हे पोरांनी पारावर नाटुकलं करून सांगितलं. नागपूरच्या नीरी संस्थेने फार पूर्वी तुरटी नि चुन्याची पद्धत काढली, तिला नळगोंडा पद्धत म्हणतात. ती रोज घरोघरी मापात करणं सोपं नाही. पंचायतीत आरओच्या मशीनचा ठराव झाला, ते मशीन कधी येईल तेव्हा येईल. तोवर पोरांनी आपलं ठरवलं, बोरिंगला लाल रंग द्यायचा, म्हणजे गुरं-ढोरं, धुणं-भांडी यांना चालेल, पिण्याला नाही. रंगाला पैसे कुठून? तर तान्ह्या पोळ्याचा बोजारा! नंदीबैल घेऊन सगळे घरोघरी फिरले आणि बोजाऱ्याचे जमा झालेले पैसे एकानेही खाऊत घातले नाहीत. पिपरमिटसुद्धा नाही. आपण असतो तर घातले असते की नाही सांग.

दुसऱ्या दिवशी डबा नि ब्रश घेऊन मिरवणूक बोरिंगवर पोचली. आणि तिथे ओट्यावर तुझी माय बसलेली.

काठी आडवी मांडीवर, पदर डोक्यावरून. म्हणाली, “कोन रंग लावते पाह्यतो मी.” मी पुढे झालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाली, “सुध्या, तुले माहीत हाय हे कोनं आनलं.”

मला माहीत आहे. बहात्तरचा दुष्काळ झाल्यावर तुझे आबाजी ह्या बोरिंगसाठी तहसीलवर किती चकरा मारत होते ते माझा बाप सांगायचा. बंडीत बसून जायचे, भाकर बांधून. तुझ्या जन्माच्या वर्षी पाणी लागलं आणि त्यांनी गावभर गूळ वाटला. त्याआधी वरच्या पुऱ्याच्या बाया उन्हाळ्यात नाल्यात झिरे खोदून वाटी-वाटीने पाणी भरायच्या. त्या बोरिंगने माणसं जगवली, दिन्या. कॉलऱ्याच्या, नारूच्या पाण्यातून सोडवली. आबाजींनी काही चूक केली नाही, हे मला पोरांसमोर मोठ्याने बोलता आलं पाहिजे होतं. मी काहीच न बोलता उभा राहिलो.

पाणीमंत्री बोलली. मायजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “आजी, आबाजीनं पानी आनलं, मंग त्यात काय हाय थे पाह्याचं काम आमचं ना?” माय तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी मेल्यावर लावजा रंग.” पोरं परत आली. रंगाचा डबा माझ्या टेबलाखाली आहे.

तेव्हापासून रोज सकाळी दोन पोट्टे विहिरीवरून एक गुंड भरून तुमच्या घरी नेतात. पाळ्या लावल्या आहेत, भिंतीवर तक्ता आहे. माय त्यांना गूळ-शेंगदाणे देते, गुंड ठेवून घेते, आणि ते पाणी तुळशीला घालते. मग काठी टेकत बोरिंगवर जाऊन आपली कळशी भरते. म्हणते बोरिंगच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, विहिरीचं पाणी गळ्याखाली उतरत नाही. पोरांना हे ठाऊक आहे, तरी नेतात. परवा एकाने मला विचारलं, सर, आजीच्या तुळशीला फ्लोराईड नाही लागत का? मी हसलो आणि मग वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र झाली. ह्या आजारात कॅल्शियम पोटात जावं लागतं, आणि आपल्या तरोट्याच्या भाजीत ते भरपूर असतं, हे मी वर्गात सांगितलं. पोरांनी मायला विचारलं तरोटा ओळखायचा कसा. ती स्वतः शाळेत आली, दिन्या! दहा वर्षांनी पायरी चढली असेल. बसायला गुडघा वाकला नाही, म्हणून उभ्यानेच पोरांना कोवळा कोणता नि निबर कोणता ते दाखवलं, लसूण-मिरचीवर कशी परतायची ते सांगितलं. आता परसबागेत शेवग्याच्या दोन फांद्याही तिच्याच हातच्या लागल्या आहेत. पण पाण्याचं नाव काढलं की उठून जाते.

तिचा गुडघा मी नीट पाहिला. मान वळवायची तर अख्खं अंग वळवते. वय आहे, मान्य. पण पन्नास वर्षं तेच पाणी आहे. डॉक्टरला दाखवायला पाहिजे, आणि त्याआधी ते पाणी बंद व्हायला पाहिजे. ती माझं ऐकणार नाही. माझं का ऐकावं? तुझं ऐकेल. तिला फ्लोराईड सांगू नकोस, आकडे सांगू नकोस. तिला तुझे दात दाखव. तू चौथीत मार का खाल्लास ते तिला ठाऊक नाही, मी हळूच विचारून पाहिलं. तिला अजून वाटतं तू झाडावर चढलास म्हणून. माझं नाव सांगायचं तर खुशाल सांग, मी तिच्यासमोर उभा राहीन.

तू बोलवतोस तेव्हा ती पुण्याला येत नाही, म्हणून गणपतीत नाही तर दसऱ्याला तूच ये. वहिनींना नमस्कार. पिंकीची बारावी कशी चालली आहे, आणि तुझ्या कंपनीतल्या कपातीचं काय झालं, संज्या काहीतरी सांगत होता. घराचा हप्ता अडला तर सांग, लाजू नकोस. सविस्तर मग विचारतो.

आणि हो. बोरिंगच्या ओट्याच्या कोपऱ्यात ओल्या सिमेंटमध्ये उमटलेलं ते खूर. तू जन्मभर वासराचं म्हणत आलास, मी शेळीचं. रंगाच्या दिवशी मी पोरांना मोजायला लावलं. संज्याच्या घरची शेळी आणून तिचा पाय त्यात ठेवला. नीट बसला, वर बोटभर जागाही उरली नाही. वहीत नोंद आहे, तारखेसकट, आल्यावर दाखवतो.

तुझा,
सुध्या