वर्षानंतर पुन्हा एक बातमी करा

मा. संपादक,
स. न.

आपल्या पानांवर शैक्षणिक आणि सामाजिक उपक्रमांच्या बातम्या नेहमी येतात. त्यांचा साचा ठरून गेला आहे: इतक्या शाळा, इतके लाभार्थी, इतकी सत्रं, मान्यवरांची उपस्थिती आणि एक फोटो. बातमी खोटी नसते. पण संस्थेने काय काय केलं एवढंच तीत असतं. त्यामुळे लोकांच्या आयुष्यात काही हललं का, हे वाचकाला कळत नाही. अशा उपक्रमांच्या मूल्यमापनाचं काम मी बरीच वर्षं केलं. संस्था कार्यक्रम राबवायची आणि आम्ही प्रश्नावल्या घेऊन तो कितपत उपयोगी पडला ते पाहायला जायचो. त्या अनुभवावरून आपल्याला एक विनंती करायची आहे.

आधी माझीच चूक सांगते. एका महिला गटाच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता. माझ्या हातातल्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘प्रशिक्षणामुळे तुमचा आत्मविश्वास किती वाढला? १ ते ५ गुण द्या.’ प्रशिक्षिका चार पावलांवर सामान आवरत होत्या. समोरच्या बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, पाचच लिहा. मॅडम फार चांगल्या आहेत, उगाच त्यांच्या नोकरीवर यायला नको.’ मी पाच लिहिले. मागून येणाऱ्या जवळपास सगळ्यांनी पाचच सांगितले. अहवालात ‘सहभागींच्या आत्मविश्वासात लक्षणीय वाढ’ असं वाक्य गेलं. ते वाक्य माझंच. शिवाय हे सगळे फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत टिकलेल्या बायकांचे होते. मधेच यायच्या बंद झालेल्यांना गाठून ‘का सोडलंत?’ असं विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शित कुणी निवडून दिलं तेही पाहावं लागतं.

लोक मुद्दाम खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. आपल्यासाठी कुणी राबलं तर त्याला नावं ठेवू नयेत, एवढी माणुसकी सगळ्यांमध्ये असते. प्रश्नावलीला ती ओळखता येत नाही, इतकंच.

याचं सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत १९३९ साली मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. पोरं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून समुपदेशकांनी त्यांच्या घरी जायचं, अभ्यासात मदत करायची, दवाखान्याचं पाहायचं, उन्हाळ्यात शिबिरांना पाठवायचं, असं त्याचं स्वरूप होतं. एकूण ५०६ मुलगे. एकमेकांशी मिळत्याजुळत्या मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या आणि जोडीतला कुठला मुलगा कार्यक्रमात जाणार हे नाणेफेकीने ठरलं. काम १९४५ साली थांबलं. पुढे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांचा, म्हणजे तोवर चाळिशी गाठलेल्या पुरुषांचा, माग काढला. कार्यक्रमात असलेल्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी सांगितलं, आम्हाला फायदा झाला. मग नोंदी तपासल्या गेल्या. एकापेक्षा अधिक गुन्हे, दारूचं व्यसन, अकाली मृत्यू अशा ज्या ज्या ठिकाणी ठळक फरक दिसला, तिथे कार्यक्रमातली मुलंच मागे पडलेली होती. १९७८ साली हे प्रसिद्ध झालं. असं का व्हावं यावर बरंच लिहिलं गेलंय; शिबिरांत एकत्र आलेल्या मुलांनी एकमेकांना बिघडवलं असावं, हा त्यातला एक तर्क. मला मात्र त्या नाण्याचं कौतुक वाटतं. ते उडवलं नसतं, तर दोन तृतीयांश लोकांची पावती घेऊन तोच कार्यक्रम शंभर शहरांत गेला असता, आणि जाताना कुणालाही काही वावगं वाटलं नसतं.

म्हणून मूल्यमापनातला खरा प्रश्न असतो तो ‘हे केलं नसतं तर काय झालं असतं?’ हा. नुसतं ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवून तो सुटत नाही. मुलं वर्षभरात एरवीही काहीतरी शिकतातच. त्यातून वर्गातली सर्वांत कमी गुणांची मुलं निवडली, तर पुढच्या चाचणीत त्यांतल्या बऱ्याच जणांचे गुण काहीही न करता थोडे वर सरकतात. पहिल्या दिवशी कुणाला ताप असतो, कुणी आदल्या रात्री झोपलेलं नसतं. हे श्रेय नंतर उपक्रमाच्या खात्यात जमा होतं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: तुलनेसाठी काहींना मुद्दाम वंचित ठेवायचं का? मलाही सुरुवातीला हे क्रूर वाटायचं. पण पैसे आणि माणसं मर्यादित असतात, तेव्हा कुणीतरी मागे राहणारच असतं. मग आधी कोण आणि नंतर कोण, हे ओळखीपाळखीने ठरण्यापेक्षा चिठ्ठी टाकून ठरलेलं काय वाईट? मेक्सिकोत १९९७ साली गरीब कुटुंबांना मुलांची शाळा आणि आरोग्य तपासणी यांच्या अटीवर रोख मदत देणारी प्रोग्रेसा योजना सुरू झाली. अभ्यासासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना ती आधी मिळाली, उरलेल्या १८६ गावांना नंतर. शाळेतली हजेरी आणि मुलांचं आरोग्य सुधारल्याचं या तुलनेतून दिसलं. २००० साली सत्ताबदल झाला, तरी नव्या सरकारने योजना गुंडाळली नाही. नाव बदललं आणि वाढवली. नव्या सरकारला जुन्याची योजना पुढे न्यावीशी वाटणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे वृत्तपत्राला मी काय सांगावं!

मोजायचं कधी, हाही प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ नावाच्या शैक्षणिक संस्थेच्या बालसखी उपक्रमाची अशीच तुलना करून तपासणी झाली. वस्तीतली शिकलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि गणित शिकवायची. गुण चांगले वाढले. उपक्रम संपून वर्ष झाल्यावर पुन्हा पाहिलं, तर वाढीचा बराच भाग ओसरला होता, थोडा टिकून होता. आणि मिशिगनमध्ये १९६२ ते १९६७ दरम्यान चाललेल्या पेरी बालवाडी प्रकल्पाचं बरोबर उलट झालं. तिथल्या १२३ मुलांच्या अभ्यासात बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत पुसली गेली, पण तीच मुलं चाळिशीची झाल्यावर पाहिलं, तर बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त आणि अटका कमी होत्या. एकाच दिवशी मोजून निकाल लावला असता, तर दोन्हीकडे अर्धवट चित्र हाती आलं असतं.

आता एका मुलीबद्दल. एका वाचन उपक्रमाच्या शेवटच्या चाचणीत ती माझ्यासमोर बसली. मी उतारा पुढे ठेवला. तिने शब्दाखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता वाचायला लागली. माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. आवाज तिसऱ्या ओळीवर होता आणि बोट अजून पहिल्याच ओळीवर रेंगाळत होतं. मी कागद उलटा केला. ती थांबली नाही. उरलेला उतारा छताकडे बघत पूर्ण केला आणि माझ्याकडे पाहून हसली. चाचणीचा उतारा सरावात आधीच फिरला होता. तिच्या शिक्षकांचा मला राग आला नाही. ‘अमुक टक्के मुलं वाचू लागली पाहिजेत’ असं उद्दिष्ट वरून आलं होतं आणि त्यावर पुढच्या वर्षीचा निधी अवलंबून होता. एखादा आकडा निर्णयांसाठी जितका वापराल, तितका तो बिघडत जाईल, असं मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच मांडून ठेवलंय. त्या मुलीला दुसरा, न पाहिलेला उतारा दिला तेव्हा तिने फक्त अक्षरं ओळखली.

मूल्यमापन म्हणजे शेवटी येऊन पास-नापास ठरवणं, असा समज आहे, म्हणून संस्था धास्तावतात. खरं तर त्याचा जास्त उपयोग कार्यक्रम आखताना आणि चालू असताना होतो. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली या दोन कामांना वेगळी नावंही दिली. केनियाच्या ग्रामीण शाळांत १९९० च्या दशकात पाठ्यपुस्तकं वाटली गेली. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि ती बहुतेक मुलांची तिसरी भाषा. वाटपाआधी चार वर्गांत बसून मुलांकडून एक पान वाचून घेतलं असतं, तरी हे ध्यानात आलं असतं. पण आमच्याकडे संस्था यायच्या त्या बहुतेकदा कार्यक्रम सुरू होऊन काही महिने झाल्यावर. ‘सुरुवातीची स्थिती तेवढी नोंदवून द्या’ म्हणायच्या. निघून गेलेल्या गाडीची वेळ कशी लिहायची?

आणि जे अहवाल ‘फरक दिसला नाही’ म्हणतात ते कपाटात जातात. मी लिहिलेले असे दोन अहवाल छापले गेले नाहीत. त्यामुळे तीच चूक दुसरी संस्था दुसऱ्या जागी नव्या उत्साहाने करते. एवढ्या एका बाबतीत माझा सूर कडवट लागतोय, याची मला जाणीव आहे.

तर विनंती अशी. उपक्रमाच्या उद्घाटनाची बातमी जरूर द्या, पण बातमीदाराला तिथेच विचारायला सांगा की सुरुवातीची स्थिती नोंदवली आहे का, तुलना कुणाशी करणार आणि तपासणारा माणूस संस्थेच्या पगारावर आहे का. मग तारीख लिहून ठेवा आणि वर्षानंतर त्याच जागी परत जा. फॉर्म नकोत. मधेच सोडून गेलेल्या दोघांना भेटा, एखाद्या मुलीला न पाहिलेला उतारा वाचायला द्या, आणि बोट कुठे आहे ते पाहा. बदल झाला नसेल तर तसंच छापा, संस्थेचं म्हणणंही शेजारी द्या. आतल्या पानावर, कोपऱ्यात आली तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक