औषधाच्या बाटलीआधी पाणी मोजा

संपादक महोदय,
स. न.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, होमस्टेंत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाक्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. पावसाळ्यातली त्यांची रड मात्र ठरलेली. काचेवर शेवाळ चढते, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात किंवा दगडाला अंग घासतात. मग शेवाळाचे एक औषध आणि माशांचे दुसरे आणून दोन्ही टाकीत ओतली जातात. त्याआधी पाणी मोजावे, एवढ्यासाठी हे पत्र.

खोट बहुतेकदा आणलेल्या पाण्यातच असते. पावसात भाट्ये किंवा कर्ली खाडीचे पाणी मचूळ आणि गढूळ होते, शेतांतून वाहून आलेले नत्र-स्फुरदही त्यात उतरते. नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात गेल्या म्हणजे किनाऱ्याचे पाणी टाकीजोगे झाले, असे नव्हे. टाकीत विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाणी किती खारट ते सांगणारा आकडा, 1.023 ते 1.026 हवे. ते मोजणाऱ्या सुईच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला तर आकडा चढा दिसतो आणि पाणी पातळ असूनही ठीक वाटते. पाण्याचा थेंब ठेवून उजेडात बघायचा रिफ्रॅक्टोमीटर त्यापेक्षा बरा, पण तो 35 क्षारतेच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) द्रावणाने जुळवून घ्यावा. गुरुत्व घसरले असेल तर एका दिवसात वर आणू नये. बाष्पीभवनाने घटलेले पाणी काही दिवस गोड्याऐवजी खाऱ्या पाण्याने भरावे, म्हणजे ते हळूहळू चढते. एरवी ती भर गोड्या पाण्याचीच, कारण मीठ उडून जात नाही. मे महिन्यात रोज लागणारी तांब्याभर भर जूनच्या दमट हवेत लागत नाही, म्हणून काचेवर पातळीची खूण करावी.

पावसाळ्यात कृत्रिम मीठच वापरलेले बरे. 100 लिटरच्या टाकीत आठवड्याला 15 लिटर पाणी बदलायचे तर 15 लिटर आरओ पाण्यात साधारण सव्वापाचशे ग्रॅम मीठ घालून ते पंपाने दिवसभर घुसळावे. विहिरीचे पाणी पिण्याला कितीही गोड असले तरी त्यातल्या सिलिकेटवर तपकिरी थर पोसतो. नव्या टाकीतला असा थर फारसा मनावर घेऊ नये, महिन्या-दोन महिन्यांत तो बहुधा आपोआप ओसरतो. हिरवे केसाळ शेवाळ म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट साचले. ते हाताने उपटावे, दिवे सहा-सात तासच लावावेत आणि गोठवलेली कोळंबी घालण्याआधी तिचे सुटलेले पाणी फेकून द्यावे. लाल, बुळबुळीत चादर हे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. पाणी खेळत नाही त्या कोपऱ्यात ते जमतात. नळीने ओढून काढावे आणि पंपाचे तोंड तिकडे वळवावे. गुलाबी-जांभळा कडक थर मात्र खरवडू नये, तो चांगल्या टाकीचे लक्षण.

आता मासे. पहाटेच सगळे वर येत असतील तर प्राणवायू कमी पडतो आहे. शेवाळ दिवसा तो देते, रात्री मात्र स्वतःच खाते. उबदार, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. शेवाळनाशक घातले की एकदम मेलेले शेवाळ कुजते, उरलासुरला प्राणवायूही जातो आणि सकाळी मासे उताणे दिसतात. दिवसभर धापा टाकत असतील तर अमोनिया तपासावा, तो शून्यच हवा. निघालाच तर पाव टाकी पाणी त्याच क्षारतेच्या पाण्याने बदलावे आणि एक-दोन दिवस खाणे बंद ठेवावे. पीएच चढवायला सोडा मुळीच घालू नये, पीएच वाढला की अमोनिया अधिक विषारी होतो.

मासा एखाद्या वेळी अंग घासतो, त्याचे काही नाही. पण पुन्हा पुन्हा घासत असेल आणि अंगावर रव्यासारखे पांढरे कण असतील तर तो परजीवी. बारीक सोनेरी धूळ आणि जलद श्वास दिसला तर दुखणे त्याहून घातक, दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. दोन्हींत सगळे मासे वेगळ्या टाकीत काढून तांब्याचे औषध द्यावे, तेही तांब्याच्या चाचणीसंचाने मोजून. मूळ टाकीत ते घातले तर गोगलगायी, कोळंब्या मरतात आणि दगड तांबे शोषून घेतात. ती टाकी दीड-दोन महिने माशांविना चालू ठेवावी.

वीज गेल्यावर फिल्टर थांबतो, हे आपल्याकडे सांगायला नको. बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा. फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर त्यात कुजलेले पाणी आधी बादलीत ओतून टाकावे, मगच बटण दाबावे.

– खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे काही वाचक, रत्नागिरी