यूपीएस बदलून देणाऱ्या तंत्रज्ञांस अनावृत आभारपत्र

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या छोट्या व्यवसायाचे सारे हिशेब ज्या एका संगणकावर चालतात, त्याला जोडलेला यूपीएस (वीज गेल्यावर काही वेळ बॅटरीवरून वीज पुरवणारे यंत्र) आपण बदलून दिलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कामाचा मोबदला आपण घेतलात, पावती दिलीत, व्यवहार पूर्ण झाला. परंतु दोष नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी आपण जी मेहनत घेतलीत आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण जितक्या शांतपणे समजावून सांगितलेत, त्याची नोंद कोणत्याच पावतीत होत नाही. आपले नाव जाहीर होऊ नये अशी आपली इच्छा असल्याने ते येथे घेतलेले नाही. पत्र मात्र मुद्दाम अनावृत ठेवले आहे, कारण आमच्यासारखेच एका संगणकावर विसंबून असलेले अनेक जण आहेत आणि आपण सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याही उपयोगी पडतील.

तक्रार तशी नेहमीचीच होती. वीज असेपर्यंत यूपीएसवरचा हिरवा दिवा व्यवस्थित लागलेला असे, पण वीज गेली की यूपीएस आणि संगणक दोन्ही त्याच क्षणी बंद पडत. बॅटरी याआधी एका दुरुस्ती केंद्राकडून बदलून घेतली होती आणि ती फार लवकर निकामी झाली होती. पुन्हा विचारणा केली तेव्हा ‘नवी बॅटरी टाका, नाहीतर दुप्पट क्षमतेचा यूपीएस घ्या’ एवढेच उत्तर मिळाले होते. पहिली नवी बॅटरी इतक्या लवकर का गेली, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो आपण विचारलात.

आपली काम करण्याची पद्धत मी जवळ उभा राहून पाहिली. यूपीएस बंद करून, त्याचा प्लग काढून झाल्यावरही आपण आधी बोटातली अंगठी काढून खिशात ठेवलीत. वीजपुरवठा तोडला तरी आतली बॅटरी जिवंत असते, विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहू शकतो आणि बॅटरीच्या दोन टोकांवर धातूची अंगठी आडवी पडली तर बोट भाजून निघते, हे आपण सांगितलेत तेव्हा त्या साध्या कृतीचा अर्थ कळला. बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगून ती खाच्यात घट्ट अडकली होती. स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढणे सोपे वाटत असतानाही आपण तसे न करता पत्र्याचे सगळे स्क्रू सोडवलेत आणि कवच बाजूला करून ती अलगद बाहेर घेतलीत, कारण फुगलेल्या बॅटरीला चीर गेली तर आतले आम्ल बाहेर येते.

त्यानंतरची चाचणी तर प्रत्येक छोट्या व्यावसायिकाने एकदा पाहावी अशी आहे. व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरवर त्या बॅटरीचा आकडा 12.8 व्होल्ट दिसला, म्हणजे कागदोपत्री ती उत्तम होती. आपण तिला मोटारीच्या हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब जोडलात आणि पाहता पाहता आकडा 10 च्या खाली घसरला. 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी भाराखाली, म्हणजे तिच्यातून वीज ओढली जात असताना, 10.5 व्होल्टपर्यंत उतरली की ती रिकामी झाली असे धरतात. पूर्ण भरलेली म्हणवणारी ही बॅटरी एका बल्बापुढे काही क्षणांतच त्याच्याही खाली गेली होती. भार न लावता घेतलेल्या मापावर विश्वास ठेवू नका, हे आपले म्हणणे त्या वेळी वेगळे पटवून देण्याची गरजच उरली नाही.

खरे निदान त्यापुढचे होते. आपण सोबत आणलेली एक चांगली, भरलेली बॅटरी जुन्या यूपीएसला जोडून चार्जरचे माप घेतलेत. सतत चार्जिंगवर राहणाऱ्या अशा बॅटरीला साधारण 13.5 ते 13.8 व्होल्ट मिळायला हवेत. आमचा यूपीएस मात्र 15 च्या वर देत होता आणि खाली यायचे नाव घेत नव्हता. बॅटरी अशी अखंड जादा भरत राहिली की आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होते, सीलबंद बॅटरीत पाणी परत ओतता येत नाही, ती तापते, सुकते आणि फुगते. म्हणजे आम्ही आणखी एक बॅटरी टाकली असती तरी तिची गत तीच झाली असती. एरवी यूपीएस सुस्थितीत असेल तर केवळ बॅटरी बदलावी, यंत्र फेकू नये, हेही आपण आवर्जून सांगितलेत. आमचे यंत्र बदलणे भाग होते, ते क्षमता कमी पडत होती म्हणून नव्हे, तर चार्जर बिघडला होता म्हणून. हा फरक दाखवून दिल्याबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे.

नवा यूपीएस निवडतानाही आपण घाई केली नाहीत. खोक्यावर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) हा आकडा ठळक असतो आणि वॉट बारीक अक्षरांत असतात (यामागचा हेतू ओळखायला फार बुद्धी लागत नाही), पण उपयोग ठरतो तो वॉटवरून. आमच्या जुन्या यूपीएसचे 600 व्हीए म्हणजे प्रत्यक्षात 360 वॉटच होते. आपण वॉटमीटर लावून संगणक, मॉनिटर आणि राउटर यांचा एकत्रित भार मोजलात, तेव्हा तो कामाच्या भरातही 200 वॉटच्या आतच राहिला. दुप्पट क्षमतेचे यंत्र आम्हाला सहज विकता आले असते आणि आम्ही ते आनंदाने घेतलेही असते. आपण ते विकले नाहीत. उलट, आमच्या संगणकाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) अॅक्टिव्ह पीएफसी प्रकारचा, म्हणजे विजेच्या लहरीशी जुळवून वीज ओढणारा, असल्याचे पाहून, पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर असा एसएमपीएस कधी कधी अडखळतो, तेव्हा पैसे क्षमतेपेक्षा शुद्ध साइन वेव्हवर, म्हणजे घरच्या विजेसारख्या गुळगुळीत लहरीवर, खर्च करा, असा सल्ला दिलात. विजेवरून बॅटरीवर जायला लाइन-इंटरॅक्टिव्ह (वीज असताना तीच पुढे देणाऱ्या आणि ती गेल्यावर बॅटरीकडे वळणाऱ्या) यूपीएसला साधारण 4 ते 10 मिलिसेकंद लागतात आणि चांगला एसएमपीएस तेवढा काळ स्वतःच्या बळावर तग धरतो. त्यामुळे असा खंड मुळीच पडू न देणारा ऑनलाइन प्रकारचा महागडा यूपीएसही आम्हाला अनावश्यक आहे, हे आपण स्पष्ट केलेत.

लेझर प्रिंटर यूपीएसवरून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावण्याचेही आपण सुचवलेत. कागदावर टोनरची पूड पक्की करणारा त्याचा हीटर क्षणभर एवढा प्रवाह ओढतो की छोटा यूपीएस ओव्हरलोड होतो. ही व्यवस्था आता कायम आहे.

बॅकअप किती वेळ टिकेल, या माझ्या प्रश्नाला आपण आकडा फेकून उत्तर दिले नाहीत. बॅटरीवर छापलेले 7 अँपिअर-तास हे 20 तासांच्या दराने मोजलेले असतात, म्हणजे जेमतेम 0.35 अँपिअर घेतले तर ते खरे ठरतात. 150 वॉटच्या भाराला 12 व्होल्टच्या बॅटरीतून, यूपीएसमधली घट धरून, सुमारे 15 अँपिअर ओढले जातात आणि तिथे साध्या भागाकाराने निघालेला वेळ जवळपास निम्म्यावर येतो. त्यामुळे वीज गेल्यावर काम चालू ठेवण्याची आशा न धरता, फाइल जतन होऊन संगणक नीट बंद होण्यापुरता अवधी मिळाला की यूपीएसचे काम झाले, असे समजण्यास आपण सांगितलेत. तेवढ्यासाठी यूपीएससोबत आलेली आणि बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून राहणारी यूएसबी केबल आपण जोडलीत आणि बॅटरी ठराविक टक्क्यांवर उतरताच संगणक आपोआप बंद व्हावा, अशी सेटिंगही करून दिलीत.

नवी बॅटरी काही तास चार्ज झाल्यावर, सगळ्या फाइली बंद करून आपण शेवटची चाचणी घेतलीत, तीही प्लग न उपटता सॉकेटचे बटण बंद करून, कारण प्लग उपटला की अर्थिंगही तुटते. जुन्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती पुनर्वापरासाठी आपणच घेऊन गेलात, त्यामुळे शिसे आणि आम्ल असलेली ती वस्तू कचऱ्यात जाण्याचे टळले.

आपल्या सूचनेप्रमाणे यूपीएस आता खिडकीच्या उन्हापासून दूर, हवा खेळेल अशा जागी ठेवला आहे, कारण 25 अंशांच्या वर प्रत्येक 10 अंशांना बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, हे आपले वाक्य ध्यानात राहिले आहे. बॅटरी बसवल्याची तारीख आपण यंत्राच्या बाजूला चिकटवली आहे आणि पुढच्या चाचणीची तारीख मी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवली आहे. त्यानंतर भर कामात वीज गेली, तेव्हा संगणक ठरल्याप्रमाणे स्वतःहून बंद झाला आणि पुन्हा सुरू केल्यावर शेवटचे बिल जसेच्या तसे मिळाले. ही बातमी आपल्याला कळवावी, हाही या पत्राचा एक हेतू आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक छोटा व्यावसायिक