विषय: वॉटरप्रूफ ट्रेकिंग बुटांचे दोन्ही सोल राजमाचीच्या उतरणीवर सुटले (तक्रार दुसऱ्यांदा)

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

माझ्या पहिल्या तक्रारीला तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं, ‘पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही’. बूट ज्या खोक्यात आले ते खोकं आत्ता माझ्यासमोर आहे आणि त्यावर तीन बाजूंनी वॉटरप्रूफ लिहिलंय. चौथ्या बाजूला काय लिहिलंय ते पुढे सांगते, खरं भांडण तिथेच आहे.

बूट मी तुमच्या ठाण्याच्या दुकानातून नोव्हेंबर २०२४ मधे घेतले, दिवाळी सेलमधे, ५,४९९ चे २,७४९ ला. मधल्या काळात एकूण चार वेळा घातले, त्यातल्या दोन वेळा तर नुसतं येऊरला चालायला, बूट पायाला बसावेत म्हणून. जूनच्या शेवटच्या शनिवारी एकटीच राजमाचीला निघाले, सकाळची इंद्रायणी पकडून लोणावळा, तिथून तुंगार्लीवरून जंगलातल्या रस्त्याने उधेवाडी, म्हणजे राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. हे साधारण पंधराएक किलोमीटर अंतर आहे पण चढ फारसा नाही, पाऊस, धुकं आणि चिखल, बस. पाठीवर आठ किलोची सॅक. शनिवारी बुटांनी काही कुरबुर केली नाही, मोजे तेवढे दोन तासात पिळण्यासारखे झाले पण ते मी पावसाळ्यात गृहीत धरते, त्याची तक्रार करत नाहीये. रात्री गावातल्या एका घरी राहिले, मावशींनी चुलीजवळ बूट ठेवू का विचारलं तर मीच नको म्हटलं कारण आगीजवळ ठेवू नका हे तुमच्याच टॅगवर वाचलेलं. म्हणजे बघा, सूचना पाळणारी गिऱ्हाईक आहे मी.

रविवारी सकाळी राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर जाऊन आले आणि साडेदहाच्या सुमारास कोंढाणे लेण्यांच्या बाजूने उतरायला लागले. ही वाट तुमच्यापैकी कोणी बघितली असेल तर कळेल, दाट झाडी, तीव्र उतार, ओले दगड, मधे मधे ओढे आणि मोबाईलला रेंज नाही. अर्धा तास झाला असेल, उजव्या पायाखाली काहीतरी फटफट वाजायला लागलं. खाली बघते तर टाचेकडून सोल उचकटलेला, प्रत्येक पावलाला बूट आ वासतोय. जास्तीची नाडी जवळ होती ती तळव्याखालून घेऊन आवळली, दहा मिनिटात दगडावर घासून तुटली. मग कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, ती टिकली पण ओल्या कातळावर अशी घसरायची की दोनदा बसूनच खाली सरकले. तेवढ्यात डाव्यानेही तेच केलं, आणि हा अर्धवट नाही, सोल पूर्ण निघून मागे चिखलात राहिला, मी चार पावलं पुढे गेल्यावर पायाला दगड टोचला तेव्हा कळलं. परत जाऊन उचलून आणला. एकटं असताना पाय मुरगळला तर काय हा विचार मी घरून निघतानाच केलेला असतो, गावात सांगून निघते, शिट्टी असते, क्रेप बँडेज असतं, पण बूटच पायातून सुटून जातील हा विचार मी केला नव्हता हे कबूल.

मागून गावातलेच एक मामा उतरत होते, पायात काळे प्लॅस्टिकचे बूट, दीडशे रुपयांचे, कर्जतच्या बाजारातले (मी विचारलंच). ते बघून म्हणाले, ताई, ह्याच्यापेक्षा अनवाणी बरं. मग आपल्या गोणीला बांधलेली ट्यूबची पट्टी सोडून मला दिली, ती रबरी असल्यामुळे धरून राहिली आणि त्या पट्टीवर मी कोंढाणे लेण्यांपर्यंत पोचले. लेण्यावरून पाणी पडत होतं, रविवारची गर्दी, सगळे फोटो काढतायत आणि मी कोपऱ्यात बसून पायातला काटा काढतेय. एरवी अडीच तीन तासांची उतरण, मला साडेपाच लागले. डाव्या तळव्याला दोन ठिकाणी कापलंय, फोटो आधीच्या मेलमधे आहेत.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी मी बूट आमच्या स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले की निदान चिकटवून द्या. त्यांनी सोलचा मधला थर बोटाने दाबला तर नानकटाईसारखा भुगा पडला. म्हणाले, गोंद सुटलेला नाहीये ताई, फोमच मेलाय, चिकटवू कशाला? मग मी वाचलं. पॉलियुरेथेनचा, म्हणजे या फोमचा मधला सोल हवेतल्या दमटपणानेच हळूहळू आतून तुटत जातो, याला हायड्रॉलिसिस म्हणतात, बूट वापरा नाहीतर नका वापरू, उलट खोक्यात बंद पडून राहिलेल्या बुटांचं जास्त लवकर होतं. हे तुम्हाला माहीत नसेल असं मी मानत नाही, बूट तुम्ही बनवता.

आणि म्हणून खोक्याची चौथी बाजू. तिथल्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना मार्च २०१९ आहे. म्हणजे मी घेतले तेव्हाच बूट साडेपाच वर्षांचे होते, आणि तेवढी वर्षं कुठल्या गोदामात, किती दमट हवेत काढली देव जाणे. मी सेलमधे स्वस्त घेतले हे खरं, पण स्वस्त म्हणजे मागच्या सीझनचा रंग असेल असं मला वाटलं, मेलेला सोल असेल असं नाही. काउंटरवर कोणी एक शब्द बोललं नाही.

फोनवर तुमच्या माणसाने मला विचारलं, मॅडम तुम्ही अशा ठिकाणी एकट्या गेलातच का. हा प्रश्न माझी आई विचारते, तिला तो हक्क आहे. ट्रेकिंगचे बूट विकणाऱ्या कंपनीला नाही. त्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ऐका.

मला बदली जोड नको, त्याच गोदामातला दुसरा जोड घेऊन मी काय करू. पूर्ण २,७४९ रुपये परत हवेत, आणि त्या लॉटचे जे बूट अजून दुकानात असतील ते काढले की नाही हे लेखी हवं, कारण पावसाळा आत्ता सुरू झालाय आणि पुढचा माणूस ते घालून कुठे जाईल सांगता येत नाही. १५ दिवसात उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे, आणि तिथेही भागलं नाही तर ग्राहक आयोगात जाईन, बिल, खोकं, स्टिकर सगळं जपून ठेवलंय.

पिकअपला माणूस पाठवाल तेव्हा त्याला सांगून ठेवा की सामान दोन पिशव्यांत आहे, एकीत बूट आणि दुसरीत सोल आणि त्यांचा भुगा. ट्यूबची पट्टी मिळणार नाही, ती मामांना परत द्यायचीय.

आपली,
(बिल क्रमांक आधीच्या मेलमधे दिलाय)