फसवायचं नाही, वळवायचं

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुम्ही मटेरियलवाले शरीराला चकवणारं काहीतरी कधी शोधणार?" ओपीडीतून हाक आली आणि बोलणं तिथेच तुटलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून सवडीने लिहायला बसलो.

शरीराला चकवायचं हा विचारच आता मागे पडतोय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पन्नासेक वर्षं आमच्या क्षेत्राचं, म्हणजे शरीरात बसवायचे पदार्थ बनवणाऱ्यांचं, ध्येय एकच होतं: पदार्थ असा करा की शरीराला त्याची चाहूलच लागू नये. पण तसं होत नाही. रोपण, म्हणजे शरीरात बसवलेली वस्तू, आत गेलं की काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं त्याच्यावर बसतात. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्यामागून परक्या गोष्टी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी. वस्तू गिळता येत नाही म्हटल्यावर हे मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून राक्षसी पेशी बनवतात, आणि शेवटी भोवती तंतुमय कवच तयार होतं. पेसमेकर काढताना हे कवच तुमच्या लोकांच्या हाताला लागतंच.

आता तुझ्या त्या नडगीच्या पेशंटचंच बघ. बाइकच्या अपघातात हाडाचा तुकडा गेला, तिथे तू सिमेंटचा स्पेसर, म्हणजे जागा राखणारा ठोकळा, बसवलास. ही पद्धत आलाँ मास्केले या फ्रेंच सर्जनने 1986 च्या सुमारास वापरायला सुरुवात केली. सिमेंट म्हणजे अगदी परकी वस्तू, आणि शरीर तिच्याभोवती पडदा धरतंच. पण या पडद्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात, आणि तो व्हीईजीएफ (रक्तवाहिन्यांसाठी) आणि बीएमपी-2 (हाडासाठी) सारखे वाढ घडवणारे घटक सोडतो. म्हणून तर तू तो जपून उघडतोस, सिमेंट काढून तिथे कमरेच्या हाडाचे तुकडे भरतोस आणि पडदा पुन्हा शिवून टाकतोस. महिन्याभराच्या पडद्यात हे गुण जास्त असतात आणि दोन महिन्यांनी ओसरू लागतात, असं माणसांतल्या नमुन्यांवर दिसलं आहे. म्हणजे जी प्रतिक्रिया पेसमेकरभोवती डोकेदुखी ठरते, तीच नडगीत हाड जुळवायला मदत करते. मग ती दाबून का टाकायची? तिला वळण द्यावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

वळण द्यायचं कसं, तर पहिली गोष्ट आकाराची. तुम्ही हर्नियाला जाळी बसवता, तिच्या छिद्रांचाच हिशोब घे. जीवाणू साधारण एक मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), मॅक्रोफेज दहाच्या वर. धाग्याधाग्यांमधली फट दहा मायक्रॉनपेक्षा लहान असली तर जीवाणू आत लपतो आणि त्याला मारणारी पेशी बाहेर अडकते. पंचाहत्तर मायक्रॉनच्या वरची छिद्रं हवीत हा जाळ्यांचा नियम त्यातूनच आला. वॉशिंग्टन विद्यापीठात बडी रॅटनर यांच्या गटाने सच्छिद्र जेलवर काम केलं. तीस ते चाळीस मायक्रॉनची सारखी छिद्रं ठेवली की कवच पातळ राहतं आणि रक्तवाहिन्या जास्त येतात, असं त्यांना दिसलं. रसायन तेच, फरक फक्त छिद्राचा!

त्याहून मला भावलेला प्रयोग कॅलिफोर्नियातल्या वेंडी लिऊ यांच्या गटाचा, 2013 चा. त्यांनी मॅक्रोफेज वीस मायक्रॉन रुंदीच्या पट्ट्यांवर वाढवले. जागा चिंचोळी, त्यामुळे पेशी लांबट झाल्या. कुठलंही औषध न घालता त्या लांबट पेशींमध्ये दुरुस्तीच्या खुणा दिसू लागल्या. पेशीला नुसतं ताणलं की तिचं वागणं बदलतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं सगळं बाजूला ठेवून तेवढाच भाग पुन्हा वाचला होता.

दुसरी गोष्ट वेळेची. मॅक्रोफेजचे एम1 म्हणजे भांडणारे आणि एम2 म्हणजे सांधणारे असे दोन गट शिकवले जातात. वर्गात ठीक आहे, पण खऱ्या जखमेत सगळी सरमिसळ असते. आणि भांडणारे वाईट असंही नाही. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कारा स्पिलर यांनी दाखवलं की रक्तवाहिनीला फुटवा आणायचं काम एम1 करतात आणि ती पक्की करायला एम2 लागतात. सुरुवातीचा दाह पुसून टाकला तर पुढचं काम अडतं. स्टेरॉइडवरच्या पेशंटच्या जखमा किती रेंगाळतात, ते तू रोज बघतोसच. म्हणून आधी एक संदेश आणि काही दिवसांनी दुसरा सोडणारे पदार्थ बनवायचे प्रयत्न चालले आहेत.

इथवर सगळं मॅक्रोफेजभोवती फिरत होतं. मग 2016 मध्ये कॅटलिन सॅडलर आणि जेनिफर एलिसीफ यांचं काम 'सायन्स' या नियतकालिकात आलं. उंदराच्या मांडीचा स्नायू काढून तिथे पेशी काढून टाकलेल्या ऊतकाचा उरलेला सांगाडा भरला, तर दुरुस्तीला टीएच2 या टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लागतात असं निघालं. टी आणि बी पेशीच नसलेल्या उंदरांत स्नायूच्या जागी चरबी साचू लागली, आणि टी पेशी परत दिल्यावर चित्र सुधारलं. माझ्या मते या क्षेत्रातलं गेल्या काही वर्षांतलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे.

पण मिलिंद, उंदराची जखम आणि तुझ्या पेशंटची जखम यांत फार अंतर आहे. उंदराची कातडी आक्रसून जखम मिटते, माणसाची तशी मिटत नाही. प्रयोगातला उंदीर बहुतेक वेळा तरुण आणि धडधाकट असतो. तुझ्याकडे येणारा माणूस वीस वर्षांचा मधुमेही असतो, तंबाखू खाणारा असतो, आणि पायाची जखम घेऊन महिनोन्महिने फिरत असतो. त्याच्या जखमेत मॅक्रोफेज भांडणाच्याच अवस्थेत अडकून पडलेले असतात. खरी गरज तिथेच आहे आणि आमचं काम तिथेच कमी पडतं, याची मला तळमळ आहे.

आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयातून पेशी काढून टाकून जखमेवर लावायचा पडदा तयार केला. त्याचं नाव कोलेडर्म, आणि 2023 मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. परदेशी पडद्यांपेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडावा अशी अपेक्षा आहे. तू तो वापरला आहेस का? डुकराचा म्हटल्यावर घरचे काय म्हणतात? तू आधी सांगतोस की विचारल्यावर? माझ्या मते आधीच, स्पष्ट सांगायला हवं. पण पेशंटसमोर तू बसतोस, मी नाही. पदार्थ कशापासून करायचा हे ठरवताना आम्हाला याचं उत्तर फार उपयोगी पडेल, तेव्हा नीट विचार करून कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश